जुनी म्युझिक सिस्टीम दुरुस्त करताना मी केलेली २२९० रुपयांची चूक



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या मिनी म्युझिक सिस्टीममध्ये ब्लूटूथ कसं बसवायचं ते पाहिलं. व्हिडिओत हात दिसतात, पण हिशोब दिसत नाही. आणि दुकान हातावर कमी, हिशोबावर जास्त चालतं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, मध्ये आकडे येणार आहेत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

अंबाजोगाईत दुकान टाकून मला दुसरं वर्ष होतं. धारूरकडच्या एका गावाहून एक रिटायर गुरुजी एसटीने आले. सोबत पोत्यात गुंडाळलेली तीन तुकड्यांची म्युझिक सिस्टीम. मधे मशीन, दोन बाजूला दोन स्पीकर बॉक्स. वर सीडी, खाली दोन कॅसेटचे डेक, रेडिओ. गुरुजी म्हणाले, "बाळा, टेप नीट करून दे. लई दिवस झालं बंद पडलाय."

आता आपल्याकडं ‘टेप’ म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या मशीनलाच टेप म्हणतात. मी उघडून बघितलं. डेकचे रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे झालेले, सीडीची लेन्स गेलेली, पण ॲम्प्लिफायर ठणठणीत आणि स्पीकर एक नंबर. मी मनात ठरवून टाकलं की आता कॅसेट कोण ऐकतं? दोन्ही डेक काढले, त्या जागी ब्लूटूथ-यूएसबीचा बोर्ड बसवला, समोर छान पट्टी लावली. १२०० रुपये घेतले. काढलेले डेक आठवड्याच्या भंगारात दिले. मला वाटलं, भारी काम झालं.

पंधरा दिवसांनी गुरुजी परत आले. हातात रुमालात बांधलेली एक कॅसेट.

"बाळा, ह्यातला टेप कुठं गेला?"

त्यांना टेप म्हणजे खरोखर टेपच हवा होता. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा धंदा समजून घेऊ, म्हणजे माझी चूक नक्की कुठं झाली ते तुमच्याच लक्षात येईल.

१. या कामात धंदा का आहे?

१९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडं लग्नात, पहिल्या पगारात, उसाचं बिल आल्यावर लोकांनी अशा सिस्टीम हौसेनं घेतल्या. त्या आजही माळ्यावर, कपाटावर पडून आहेत. यातल्या बऱ्याच ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आता राहिलेलं नाही. आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जपानची आयवा कंपनी तर २००२ मध्येच सोनीत विलीन झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच आहे. पण वीस-पंचवीस वर्षं जुन्या सेटचा स्पेअर पार्ट तिथून मिळेल अशी आशा धरू नका. तो सेट शेवटी तुमच्या-माझ्या टेबलावरच येतो.

दुसरं कारण. जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर वजनदार असतो, स्पीकरला लाकडी भुशाच्या जाड बोर्डाचा बॉक्स असतो. स्वस्तातल्या नव्या प्लास्टिकच्या स्पीकरला तसा भरीव आवाज येत नाही. खोक्यावर लिहिलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटवर मात्र जाऊ नका. तो जाहिरातीचा आकडा. मागच्या स्टिकरवर आरएमएस वॅट लिहिलेले असतील तर तेच खरे धरा.

२. उघडण्याआधी तपासणी

नवीन मुलं पहिली चूक इथं करतात. सेट आला की लगेच प्लग लावून बघतात. आपल्या भागात व्होल्टेज कधी कमी, कधी एकदम जास्त. कित्येक सेट त्यातच गेलेले असतात. शॉर्ट असलेल्या सेटला थेट लाइन दिली तर उरलंसुरलंही जळतं.

म्हणून सिरीज बोर्ड वापरा. ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब इथं चालत नाही. सेट लावल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढं जा. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. आणि लक्षात ठेवा, सिरीज बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही.

ज्या सेटमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर नाही, स्विचिंग सप्लाय आहे, त्याच्या मुख्य कंडेन्सरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात (२३० ला १.४१४ नं गुणा). प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा आणि मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका. आयटीआय झालेलं नसेल किंवा कुणा जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली काम केलेलं नसेल, तर ही बाजू स्वतः उघडूच नका.

आता नेहमी येणारे बिघाड:

- आवाजात खरखर, एक बाजू बंद: बहुतेक वेळा धूळ. व्हॉल्यूमची बटणं, हेडफोनचं सॉकेट, आतले कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. हेडफोनच्या सॉकेटमधली पत्ती चिकटली तरी स्पीकर बंद पडतो.
- सतत घुंss आवाज: सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकलेले किंवा फुगलेले. नवे घालताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, तापमान १०५ डिग्रीचं, आणि प्लस-मायनस दोनदा बघून.
- थोडा वेळ वाजून बंद: आउटपुट आयसीचे पाय ड्राय सोल्डर झालेले, नाहीतर हीटसिंकची पेस्ट वाळलेली.
- कॅसेट फिरत नाही, आवाज जाड आणि संथ: बेल्ट ढिला. वितळलेला असेल तर आधी पुलीवरचं डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसा, मग नवा बेल्ट.
- सीडी ‘नो डिस्क’ दाखवते: आधी लेन्स पुसून बघा. नाही जमलं तर पिकअप बदलावा लागतो. केएसएस-२१३ सारखे पिकअप पुष्कळ सेटमध्ये वापरलेले आहेत, म्हणून त्यांच्या जातीचे अजून मिळतात. खर्च सांगून विचारा. बरेच ग्राहक नको म्हणतात.
- स्पीकर फाटल्यासारखा वाजतो: कोनच्या कडेचा फोम कुजलेला. कोन आणि कॉइल चांगली असेल तर फक्त कडा बदलता येते.

ॲम्प्लिफायरचं काम झाल्यावर स्पीकर लगेच जोडू नका. स्पीकरच्या दोन टर्मिनलवर मीटर लावून डीसी बघा. काही मिलिव्होल्ट चालतात. १०० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर थांबा, नाहीतर ग्राहकाचा चांगला स्पीकर तुमच्या टेबलावर जळेल.

३. ब्लूटूथ बसवायचं, पण काही न गमावता

पहिला प्रश्न: मागे ऑक्स इनपुट आहे का? असेल तर सेट उघडायची गरजच नाही. बाहेरून ब्लूटूथ रिसीव्हर लावा, पिन जोडा, दहा मिनिटांत ग्राहक मोकळा. इथं उगाच सेट खोलून मजुरी लावणारे मी पाहिलेत. तो ग्राहक एकदाच येतो.

ऑक्स नसेल तर आवाज आत कुठं द्यायचा? कॅसेटच्या हेडच्या जागी देऊ नका. हेडचा सिग्नल फार बारीक असतो, तिथं ब्लूटूथचा सिग्नल दिला तर नुसता फाटका आवाज येईल. सीडीच्या लाइनवर द्यायचं म्हटलं तर डिस्क नसताना सेट आवाज बंद करतो. म्हणून बहुतेक जण रेडिओची म्हणजे ट्यूनरची लाइन निवडतात.

पण ट्यूनरची तार कापून टाकू नका. आपल्याकडं सकाळी आकाशवाणीचं बीड केंद्र लावल्याशिवाय चहा न घेणारी माणसं अजून आहेत. डबल पोलचा टू-वे स्विच घ्या. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ. डावा आणि उजवा चॅनेल दोन्ही त्यातून फिरवा. स्विचला दहा-वीस रुपये लागतात, पण ग्राहकाचं आधीचं काहीच जात नाही.

बोर्ड घेताना ‘लाइन आउट’वाला घ्या. ज्या बोर्डवर छोटा ॲम्प्लिफायर चढवलेला असतो, त्याचं स्पीकर आउटपुट सेटच्या इनपुटला देऊ नका. त्यातली मायनसची तार ग्राउंड नसते. ती ग्राउंडला लागली की बोर्ड गेला.

सेटमधल्याच ५ व्होल्टवर बोर्ड चालवला की बऱ्याचदा किरकिर ऐकू येते. मोबाइल जोडताना टिकटिक, गाणं थांबवलं की शिट्टी. कारण ग्राउंडला दोन वाटा मिळतात, एक सप्लायची आणि एक आवाजाच्या तारेची. उपाय म्हणजे ५ व्होल्ट ते ५ व्होल्टचं आयसोलेटेड मॉड्यूल. १ वॅटचं पुरतं, त्यातून २०० मिलिॲम्पियर मिळतात. बोर्डला आधी मीटर लावून करंट बघा, मग घ्या.

हे सगळं सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, आणि आता घरपोचही येतं. सुरुवातीला प्रत्येकी पाचपेक्षा जास्त नग भरू नका. पैसा डब्यात अडकतो.

४. बिल किती करायचं?

बीबीएला असताना कॉस्टिंगचा पेपर मी पास झालो होतो. तरीही पहिलं वर्षभर ‘सामानाचे पैसे अधिक दोन-तीनशे’ असंच बिल करत होतो. बरेच दुकानदार असंच करतात. आता नीट मांडू. हे आकडे माझ्या दुकानाचे, तुम्ही तुमचे घाला.

महिन्याचा ठरलेला खर्च: भाडं ६०००, लाइट बिल १२००, फोन-इंटरनेट ६००, हत्यारांची झीज १२००. एकूण ९००० रुपये.

महिन्याचे कामाचे दिवस २५. दिवसाचे खरे टेबलावरचे तास ६. (दुकान दहा तास उघडं असतं, पण चार तास बोलण्यात, सामान आणण्यात, चहात जातात. खोटं का बोला?) म्हणजे महिन्याला १५० तास.

दुकानाचा खर्च तासाला: ९००० भागिले १५० = ६० रुपये.
माझा पगार महिन्याला २२५०० धरला, तर तासाला १५० रुपये.
दोन्ही मिळून माझ्या टेबलाचा एक तास २१० रुपयांचा.

आता एक ब्लूटूथचं काम: बोर्ड १८०, आयसोलेटेड मॉड्यूल १२०, स्विच-वायर-कनेक्टर ६०, कंडेन्सर १२०, क्लीनर-सोल्डर-अल्कोहोल ४०. सामान ५२०. वेळ ३ तास, म्हणजे ६३०. बेरीज ११५०. वॉरंटीत परत येणाऱ्या कामासाठी १० टक्के, म्हणजे ११५. झाले १२६५. बिल १३०० करा.

आता तेच काम कुणी ८०० मध्ये केलं तर? ८०० वजा सामान ५२०, उरले २८०. तीन तासांचा दुकानखर्च १८० गेला, उरले १००. तीन तासांना १०० रुपये, म्हणजे तासाला ३३. एवढ्यासाठी दुकान टाकायचं का, हे स्वतःला विचारा.

ग्राहक म्हणेल, "अहो, एवढ्यात नवा स्पीकर येतो." येतो, खरं आहे. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचाच सेट सिरीज बोर्डवर लावा, एक गाणं ऐकवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. ज्याला नवा हवा त्याला नवा घेऊ द्या.

५. कोणतं काम घ्यायचं नाही

ट्रान्सफॉर्मर जळालेला, मुख्य कंट्रोलर आयसी गेलेली, बोर्ड उंदरानं कुरतडलेला किंवा आधी कुणीतरी ट्रॅक उखडून ठेवलेला. असे सेट तपासणीचे १०० रुपये घेऊन परत द्या. हे १०० रुपये सेट ठेवून घेतानाच सांगायचे. काम घेतलं तर बिलातून वजा करायचे. निरुपयोगी झालेले बोर्ड जाळू नका, उकिरड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. साठवून ठेवा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडं पोचतील अशी सोय करा.

६. गुरुजींची कॅसेट

आता परत त्या दिवशी येऊ. गुरुजींना खुर्ची दिली. त्यांनी रुमाल सोडला. कॅसेटवर निळ्या पेननं ‘हळद, १९९८’ लिहिलं होतं. मुलीच्या लग्नाची हळद दळताना घरच्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या. गुरुजी हळूच म्हणाले, "आमच्या घरच्यांचा आवाज हाय त्यात. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

मित्रांनो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. डेक मी भंगारात घातलेले होते, तेही त्यांना न विचारता.

अशा आवाजाची किंमत नंतर मला आणखी कळली. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या अभ्यासकांनी आपल्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत, १९९६ मध्ये बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या संग्रहात महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि त्यातल्या काही आज इंटरनेटवर ऐकता येतात. पण गुरुजींच्या घरची ओवी त्यात नव्हती. ती फक्त त्या एका कॅसेटमध्ये होती.

मी त्यांना सांगितलं, "गुरुजी, चूक माझी आहे. दहा-बारा दिवस द्या. पैसे लागणार नाहीत." भंगारवाल्याकडं गेलो, माल पुढं गेलेला. तीन ठिकाणी फिरून तशाच मॉडेलचा एक मेलेला सेट ५०० ला मिळाला. प्रवासाला २४०, बेल्टला ८०. डेक काढून साफ केला, बेल्ट घातला, हेड पुसला, माझी ब्लूटूथची पट्टी काढून डेक मूळ जागी बसवला. ब्लूटूथ मागच्या बाजूला स्विचवर नेलं. एकूण ७ तास गेले.

कॅसेट लगेच घातली नाही. आधी माझी एक जुनी कॅसेट तासभर चालवली, टेप गुंडाळत नाही याची खात्री केली. मग गुरुजींची कॅसेट तपासली. हेडसमोर टेप दाबून धरणारी बारीक नमद्याची गादी गळून पडली होती. स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात टेपची दोन्ही चक्रं हलवली. पहिल्यांदा वाजवतानाच लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, कारण दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. पेन ड्राइव्हवर एक कॉपी, मुलीच्या मोबाइलवर एक कॉपी.

गुरुजींनी दुकानात पूर्ण ऐकलं नाही. दोन ओव्या झाल्या आणि म्हणाले, "बंद कर बाळा. घरी ऐकतो."

हिशोब असा: सामान आणि प्रवास ८२०, सात तासांचे १४७०. एकूण २२९० रुपये. मूळ बिल होतं १२००. पण पैसा गेला याचं मला तेवढं वाटलं नाही. भंगारवाल्याकडं तशाच मॉडेलचा सेट मिळाला हे नशीब. मिळाला नसता तर मी काय उत्तर दिलं असतं?

तेव्हापासून माझ्या जॉब कार्डवर चार ओळी छापलेल्या आहेत:

- हा सेट तुम्ही कशासाठी वापरता? ग्राहकाच्या शब्दांत लिहायचं. ‘टेप’ म्हणाला तर विचारायचं, कॅसेट ऐकता का?
- काय चालू राहिलंच पाहिजे? रेडिओ, कॅसेट, सीडी, ब्लूटूथ, एकेकावर खूण.
- अंदाजे खर्च आणि त्यापुढं गेल्यास फोन. फोन न करता १ रुपयाचंही काम वाढवायचं नाही.
- काढलेले सगळे पार्ट पिशवीत घालून परत. ग्राहकानं "नको" म्हणून सही केली तरच ठेवायचे.

खाली ग्राहकाची सही किंवा अंगठा. एक प्रत त्याला.

एक गोष्ट आणखी झाली. गुरुजींनी गावात सांगितलं आणि लोक कॅसेट घेऊन यायला लागले. कुणाच्या वडिलांचं भजन, कुणाच्या बारशाचं रेकॉर्डिंग. आज कॅसेटचं पेन ड्राइव्ह करून देणं हे माझ्या दुकानातलं वेगळं काम आहे, आणि ते मला बीबीएच्या पुस्तकानं नाही, त्या चुकीनं दिलं.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या टेबलाचा एक तास किती रुपयांचा आहे, ते वर सांगितलेल्या पद्धतीनं काढा.
२. स्वतःचं जॉब कार्ड एका पानावर लिहा. छापायची घाई नको, आधी वहीत दहा ग्राहकांवर वापरून बघा.
३. घरातला किंवा नातेवाइकांचा एक जुना सेट घ्या. उघडण्याआधी त्यांना विचारा, यावर तुम्ही काय ऐकायचात? उत्तर लिहून ठेवा, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

पुढच्या व्हिडिओत कॅसेटवरून लॅपटॉपवर स्वच्छ रेकॉर्डिंग कसं करायचं ते प्रत्यक्ष दाखवतो. तोपर्यंत काम करत राहा, हिशोब लिहीत राहा.